येसूकाकांचा प्रश्न

"म्हंजे कंद उपटून आणायचे. लेकीच्या सासरहून. मी. माज्या हातानं."

येसूकाका लॅपटॉपशी बोलत होते. पडद्यावर रॉटरडॅमच्या वकीलबाई, शेतकऱ्यांच्या बाजूच्या. मध्ये सुनयना, सोसायटीची सेक्रेटरी. इकडचं इंग्रजीत, तिकडचं मराठीत करायला. मागं अर्धं बाजारकुणंग गाव.

करार डच कंपनीशी, डच कायद्याखाली. कलम नऊ: बियाण्याचे कंद बाहेर कुणालाही देऊ नयेत.

काकांनी दिले होते. सुंदरीला, लग्नात, ओटीतून. त्यांच्या घरातली लेक बियाण्याशिवाय सासरी जात नाही.

कंपनीची नोटीस: परत आणा. नाहीतर सगळ्या गावाचा करार रद्द.

"पण मी इचारलं होतं की! सहीच्या आधी. लेकीला दिलं तर चालंल न्हवं? कंपनीच्या सायबानं मान हलवली. हसला पन."

"व्हय," मागनं परशू म्हणाला. "पोटावरनं हात बी फिरवला."

सुनयनानं हे इंग्रजीत सांगितलं. पोट सोडून.

वकीलबाई ताठ बसल्या.

"मग आपल्याला आशा आहे. आमच्याकडं कोर्ट नुसता कागद वाचून थांबत नाही. दोघं एकमेकांशी काय बोलले, त्यावरून कुणी काय समजणं रास्त होतं, तेही बघतं."

सुनयनानं हे मराठीत सांगितलं. खोलीत एकदम गलका.

"आमची सुनयना मधी होती म्हणून," शकुंतला म्हणाली. "न्हाईतर सायब काय नि म्हस काय, आमाला सारखंच."

सगळे हसले. काका डोळे पुसत हसले.

वकीलबाई म्हणाल्या, "सुनयना, आता तुम्हीच साक्षीदार. काकांचा प्रश्न तुम्ही साहेबांना कोणत्या शब्दांत विचारलात?"

सुनयनानं हे मराठीत सांगितलंच नाही.



"काय म्हणत्यात गं बाय?" काकांनी विचारलं.

त्या दिवशी कोटातला साहेब पानावर जेवायला बसला होता. सहीची वेळ. आणि काका, अनवाणी, मध्येच लेकीच्या ओटीचं काढून बसलेले. सुनयनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. त्यांच्यामुळं.

आता ती पडद्याकडं बघेना. काकांकडं वळली.

"काका, मी साहेबाला विचारलं होतं, जेवण आवडलं का."