पेटीतल्या पाच चिठ्ठ्या

देशातली लोकशाही वर्षभरात घसरण्याची शक्यता किती टक्के, याचा अंदाज बांधणाऱ्या त्या खोलीत एकेकाळी पाच जण बसत आणि एकेका टक्क्यावरून कडाकडा भांडत. आता एकट्या ताई उरल्या होत्या. बाकीचे चौघे गेले. कुणी बदलीवर, कुणी न सांगताच.

रीत मात्र ताईंनी मोडली नव्हती. दुसऱ्याचं पाहून कुणी आकडा बदलू नये म्हणून चिठ्ठी कुलूपबंद पेटीत टाकायची आणि दुपारी चारला पेटी उघडायची. शून्य, म्हणजे ‘धोकाच नाही’, असं मात्र कधीच लिहायचं नाही, हा पहिला नियम. त्यांनी ‘सत्तर’ लिहिलं, सवयीने खाली दोन रेघा ओढल्या, चिठ्ठी टाकली आणि किल्ली मुठीत धरून बसल्या.

चारला शिपाई चहा घेऊन आला. ट्रेमध्ये पाच कप होते.

“अहो, मी एकटीच आहे!”

“काय ताई, थट्टा करता? सगळे आत्ताच तर चिठ्ठ्या टाकून गेले,” म्हणत त्याने पाचही कप मांडले.

ताईंनी पेटी उघडली. आत पाच चिठ्ठ्या होत्या. चौघांची अक्षरं त्यांनी लगेच ओळखली, आणि इतक्या महिन्यांनी ती पाहून क्षणभर त्यांना बरंच वाटलं. चारही चिठ्ठ्यांवर शून्य होतं.

“शून्य लिहायचं नसतं ना रे,” त्या रिकाम्या खुर्च्यांना लटक्या रागाने म्हणाल्या.

मग त्यांनी स्वतःची चिठ्ठी उलगडली. खाली त्यांच्याच दोन रेघा होत्या. वर, त्यांच्याच अक्षरात, शून्य.