उंधियूचं बटण
हेरंबने माझी चाल स्वतःच्या नावावर खपवली आणि ती रेकॉर्ड करायला आला तो माझ्याच सुभानपुऱ्यातल्या स्टुडिओत. "मोहना, तुझ्यासारखा कान बडोद्यात कोणाला नाही. मागे जरा गुणगुण, पण गिटारच्या खाली हं." मी हसले. त्याच्या अ‍ॅम्पसमोर दोन सारखे माइक सारख्याच अंतरावर लावले, कान देऊन केसभर इकडे-तिकडे सरकवले आणि एकाचं उंधियूचं बटण दाबलं. गुजरातीत उंधुं म्हणजे उलटं, म्हणून फेज फिरवणाऱ्या, म्हणजे आवाजाची लाट उलटी करणाऱ्या बटणाला आमच्याकडे हेच नाव. उलटा माइक डाव्या कानात ठेवला, सुलटा उजव्या, आणि माझी गुणगुण दोन्हींत सारखी. हेडफोन लावताच हेरंब खूश. "क्या बात! गिटार कशी पसरलीय!" मी म्हटलं, "एकदा दोन्ही बाजू एकत्र करून, मोनोत ऐक." "जवा दे ने, सोड! मोनो आता कोण ऐकतं?" अलकापुरीतला हॉल ऐकणार होता. गाण्याचं लाँच तिथेच होतं, आणि तिथले सगळे स्पीकर मोनोवर चालतात हे मला ठाऊक होतं. लाँचच्या दिवशी रेकॉर्ड केलेलं गाणं सुरू झालं. उलट आणि सुलट एकत्र आले आणि एकमेकांना गिळून बसले. भरल्या हॉलमध्ये नुसती माझी गुणगुण उरली, चाल मला सुचली होती अगदी तशी. हेरंब तरातरा माझ्याकडे आला. "माझी गिटार कुठे गेली?" "माझं नाव गेलं ना, तिथेच."