तेरा अक्षरांची हाक

"वायर कोठे शे?" उखर्डू आबांनी टेबलाखाली वाकून विचारलं.

"ती दिसत नाही, आबा. कॉम्प्युटरच्या पोटात असते. खोटी-खोटी वायर."

"खोटी वायर जोडीसन खरा माणूस सापडी का, माय?"

त्यांची सून ज्योत्स्ना माउस सरकवत जोडणी शोधत राहिली. पाऊस असा कोसळला होता, की मेहरूणचा तलाव पत्ता विचारत विचारत त्यांच्या गल्लीपर्यंत येऊन पोचला होता. मोबाइल मुका. इंटरनेट मेलेलं. घर इन्व्हर्टरवर. आणि सकाळी आबांच्या ट्रान्झिस्टरने सांगितलं होतं, सातपुड्याच्या पायथ्याशी एक पांढरी जीप पुरात वाहून गेली.

नवीनची जीप पांढरी होती.

नवीन म्हणजे तिचा नवरा, आबांचा एकुलता. आदल्या दिवशी एका पाड्यावर सौरपंप बसवायला गेला होता. दोघं नवरा-बायको परवाना असलेले हौशी रेडिओवाले. फोन गेला तर रेडिओवर भेटायचं, हे ठरलेलंच. जुना सेट आणि लॅपटॉप त्याने जीपमध्ये नेला होता. घरी राहिला होता नवा सेट. साबणदाणीएवढा डबा, त्याला ना बटण ना काटा. त्याचं सगळं डोकं कॉम्प्युटरमध्ये. 'आलो की जोडून देतो,' असं नवीन म्हणाला होता.

डोंगराआडून बोललेला शब्द येत नव्हता. पण अक्षरं येऊ शकत होती. नवीनचं एक सॉफ्टवेअर होतं, ते खरखराटात बुडालेल्या सुरांतून अक्षरं वेचून काढायचं. एका खेपेला तेराच. आबांची साधी शिंकसुद्धा तेरा अक्षरांत मावली नसती. डब्यातला आवाज त्या सॉफ्टवेअरच्या कानात ओतायचा, त्यासाठी ती नसलेली वायर.

आधी तिने त्या वायरच्या तोंडाला तिचीच शेपूट जोडली. मग शेपटीला शेपूट. शेवटी कसंबसं जमलं, आणि निळ्या पडद्यावर येणाऱ्या सुरांचे पिवळे पट्टे उतरू लागले. नेमके नवीनशी ठरलेल्या जागी. कुणीतरी तिथून बोलत होतं.

"नवीन!" ती किंचाळली. "आबा, नवीन आहे!"

"काय म्हनस तो?"

पट्ट्यांशेजारचा अक्षरांचा चौकोन कोरा होता.

तिने आवाज वाढवला. कमी केला. वायर काढली, पुन्हा घातली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पट्टे येतच होते, अक्षर एक नाही. मग तिने स्वतःच हाक पाठवली. पलीकडून पट्टे जास्तच जोमाने आले. तिने आणखी एक हाक पाठवली, आणि पट्टे थांबेनातच. बुडणारा माणूस हातपाय मारतो तसे एकामागून एक, एकामागून एक.

"त्याची बॅटरी संपत असेल, आबा. तो मदत मागतोय आणि मला वाचता येत नाहीये."

आबा हे असे गृहस्थ, की यमदूत दारात आला तर त्यालाही बसवून तीन गोष्टी सांगतील आणि चौथीला तो कंटाळून निघून जाईल. पण आता त्यांनी गोष्टी सोडून ट्रान्झिस्टर मांडीवर घेतला.

"दहाच्या बातम्या येतीन. जीपमा कोन व्हतं ते सांगतीन."

ट्रान्झिस्टरवर खताची जाहिरात चालू होती. ज्योत्स्नाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि ती भडकलीच.

"बंद करा ते! दहा कधीच वाजून गेले. बातम्या संपल्यासुद्धा!"

"कोठे संपन्यात? आपलं घड्याय पुढे शे ना, बेटा. बातम्या मांगे शेतस."

पिंपळनेरला असताना आबांचं निम्मं आयुष्य एस.टी.च्या धुरामागे पळण्यात गेलं होतं. म्हणून त्यांच्या घरातलं प्रत्येक घड्याळ पुढे असे. किती पुढे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असलं की माणूस ढिला पडतो, हे आबांचं शास्त्र. कॉम्प्युटरचं घड्याळ मात्र आपोआप सुधारायचं. नवीनच्या मागे लागून आबांनी तेही बंद करून घेतलं होतं. "घरमा एक बी फितूर नको!"

ज्योत्स्नाने पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. भिंतीवर होती तीच वेळ.

हे सॉफ्टवेअर पाव-पाव मिनिटाच्या पाळ्या लावून ऐकतं आणि बोलतं. घड्याळ दोन-चार सेकंद चुकलं तरी ते ठार बहिरं. ती सकाळपासून प्रत्येक वाक्याच्या मधूनच ऐकायला बसत होती. तिच्या हाकाही भलत्याच क्षणी सुटत होत्या. पलीकडे त्या वाचता येणार नव्हत्या, नुसत्या अवेळी आलेल्या दिसणार होत्या.

"आबा, तो आवाज मोठा करा!"

जाहिरात संपली. बातम्यांआधीचे टोले सुरू झाले. टूं. टूं. टूं. शेवटच्या टोल्याला तिने कॉम्प्युटरचं घड्याळ दहावर आणून सोडलं. आणि बातम्यांचा पहिला शब्द कानी पडायच्या आत ट्रान्झिस्टर बंद केला. तो शब्द तिला ऐकायचा नव्हता.

निळ्या पडद्यावर एक पट्टा पूर्ण उतरला. खाली टेकला.

चौकोनात ओळ उमटली. थोड्या वेळाने तीच ओळ. मग पुन्हा तीच.

"काय म्हनस तो? माय, बोल ना! बुडी ऱ्हायना का?"

ज्योत्स्नाने पडदा त्यांच्याकडे वळवला. अक्षरं इंग्रजी, बोली घरची, आणि मधली मोकळी जागा धरून मोजून तेरा :

'GHADYAY MANGE' – घड्याय मांगे.