केशवरावांचं सोवळं

केशवराव धापा टाकत वाचनालयात परत आले, तर त्यांच्या खुर्चीवर सिंधूताई बसलेल्या. नुसत्या बसलेल्या नाहीत, खटाखट टाइप करत होत्या.

तसा कॉम्प्युटर वाचनालयाचाच, सगळ्यांसाठी ठेवलेला. पण केशवरावांचं सोवळं भारी कडक. भाच्यानं, सुमंतनं, त्यांना एका हार्ड डिस्कमध्ये अख्खा कॉम्प्युटर भरून दिला होता. डिस्क कुठल्याही मशीनला जोडली की पडदाभर केशवरावांचा स्वतःचा कॉम्प्युटर उघडायचा. वाचनालयाचा मग दिसायचासुद्धा नाही. काम झालं की बंद करायचा आणि डिस्क खिशात घालायची. मागे एक अक्षर राहत नसे. दुसऱ्याच्या घरी पाणी प्यायचं, पण भांडं आपलं, असला हा प्रकार. वरून हा माणूस रुमालानं कीबोर्ड पुसायचा, आणि कोणी जरा वाकलं की पडद्याआड पेपर धरायचा.

एवढं लपवण्यासारखं होतं काय? एक बायोडाटा. वय त्रेसष्ट, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, पत्नी सहा वर्षांपूर्वी वारली. घरच्या कॉम्प्युटरवर सुनेची नजर, म्हणून ही सगळी उठाठेव. आणि खरं सांगायचं तर तो बायोडाटा एकाच बाईसाठी लिहिला होता. ती बाई म्हणजे कामठीहून शेअर ऑटोनं येऊन शेजारच्या कॉम्प्युटरवर बसणाऱ्या सिंधूताई. तीन महिने झाले, केशवरावांच्या तोंडून साधा नमस्कार निघाला नव्हता.

आज शिपायानं स्कूटर हलवायला हाक मारली, म्हणून ते सगळं उघडं टाकून पळाले. सिंधूताईंचा नेहमीचा कॉम्प्युटर बिघडलेला, ही खुर्ची रिकामी. बसल्या बिचाऱ्या. आपण केशवरावांच्या सोवळ्यात शिरलो आहोत, हे त्यांना काय माहीत? उठा म्हणायची केशवरावांची हिंमत होईना. अर्धा तास ते कोपऱ्यात उभे राहून पेपरातले शोकसंदेश वाचत होते.

त्या गेल्यावर केशवरावांनी खुर्चीवर अंग टाकलं. त्यांचा बायोडाटा कोणी उघडला नव्हता. जीव भांड्यात पडला. पण त्याच्या शेजारी एक नवीन फाइल होती, ‘सिंधू बायोडाटा’ नावाची.

दुसऱ्याचं वाचू नये, हे त्यांना कळत होतं. त्यांनी वाचलं. विधवा, वय अठ्ठावन्न, गृहकृत्यदक्ष, मनमिळाऊ, मेंदी काढण्याची आवड. केशवरावांना आनंद लपवता येईना. सगळ्यात शेवटी अपेक्षा होती, एकच ओळ: ‘कसाही चालेल, फक्त वाचनालयात माझ्या बाजूला बसून कीबोर्ड पुसतो त्या खडूसासारखा नको.’

दोन दिवस केशवराव वाचनालयाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, तर सिंधूताई ग्रंथपालाशी भांडत होत्या. फाइल इथंच ठेवली होती, गेली कुठं? मुलाला न सांगता त्या एवढ्या लांब येत होत्या. कोणाच्या हाती लागली तर कामठीभर बोभाटा होईल, म्हणताना त्यांचा आवाज रडवेला झाला. आमच्या मशीनमध्ये अशी फाइलच नाही, असं ग्रंथपाल शपथेवर सांगत होता, आणि ते खरंच होतं.

गुपचूप मागे फिरावं आणि ती फाइल पुसून टाकावी, असं केशवरावांच्या मनात आलं. कोणाला काही कळलं नसतं. आपली लाजही राहिली असती. पण ती बाई रडकुंडीला आली होती, आणि ते त्यांना सहन होईना.

त्यांनी सगळ्यांसमोर डिस्क जोडली आणि सिंधूताईंना बोलावलं. फाइल माझ्याकडे आली, चूक माझी, मी उघडं टाकून गेलो होतो, असं एका दमात सांगून टाकलं. सिंधूताईंनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“वाचलं काय तुम्ही?”

“वाचलं,” केशवराव म्हणाले. “शेवटची ओळ सोडून.”

हे खोटं होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं. सिंधूताईंना हसू आलं. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि जवळ बसल्या.

“मंग तेवढीच वाचाची होती. बाकी सारं भाचीच्या बायोडाट्यातून उतरवून घेतलं. माह्या मनाची तेवढीच ओळ आहे.”