साठाला एक

"आई, साठ मिली पाण्याला एक चमचा! एक! दोन नव्हे!"

सासूबाईंच्या हातातला दुसरा चमचा बाटलीवरच थांबला. जावयानं त्यांना आज रंगेहाथ पकडलं होतं.

तो रंगाच्या कारखान्यात मिश्रणं करायचा. अख्ख्या टाक्या त्याच्या हिशेबावर चालायच्या, छटेत कधी तसूभर फरक पडला नव्हता. आणि घरात चार महिन्यांच्या लेकीची दुधाची एक बाटली धड होईना! लेक जन्मली त्याच आठवड्यात त्यानं पावडरच्या डब्यावरचं प्रमाण मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं. आता बायको महिनाभर कामानिमित्त परगावी. दिवस सासूबाईंचा, रात्र त्याची. कागद दोघांच्या डोळ्यांसमोर, तरी यांचं आपलं दोन ते दोनच. त्याचं डोकं उठलं.

"एकाचं फार पातळ होतं हो," सासूबाई पुटपुटल्या. "नुसतं पांढरं पाणी. मी चाखून बघते ना."

"चाखून? अहो, चाखून का प्रमाण ठरतं? पाणी तेवढंच आणि पावडर दुप्पट, म्हणजे दूध दुप्पट दाट. पचेल का तिला? तीन आठवडे वजन हलत नाहीये. रात्रभर रडून घर डोक्यावर घेते. हे सगळं तुमच्या दुसऱ्या चमच्यामुळे!"

सासूबाईंनी दुसरा चमचा बाटलीत रिकामा केला. त्यामुळे तो आणखीच चिडला.

"माझं नका ऐकू. कंपनीचं तरी ऐकाल? वाचूनच दाखवतो."

त्यानं डबा ओढला. हा डबा दुसऱ्या कंपनीचा. नेहमीची पावडर मिळेना म्हणून तीन आठवड्यांपूर्वी त्यानंच आणलेला. प्रमाण पाठ होतं, मग मागची बारीक अक्षरं कोण वाचतो!

"सोबतच्या चमच्यानं सपाट एक चमचा," तो ठणकावून वाचू लागला, "तीस मिली..."

वाचता वाचता तो थांबला. त्यानं सासूबाईंच्या हातातला चमचा घेऊन निरखला. जुन्या चमच्याच्या निम्मा होता. म्हणजे साठाला दोनच हवे होते. फ्रिजवरचा कागद जुन्या डब्याचा होता. शरमेनं त्याचे कान तापले. सासूबाईंकडे बघवेना.

त्यांनी मात्र टोमणा मारला नाही. नातीला खांद्यावर घेत त्यांनी काळजीनं विचारलं,

"जावईबापू, रात्री तुम्ही किती चमचे घालता?"