निळ्या चंबूची पंधरा मिनिटं

गुनवोरने चंबूभोवतीचा काळा कागद संत्र्याची साल सोलावी तसा एका दमात काढला, आणि तो गोल, निळाशार चंबू व्याख्यानाच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर, भर उन्हात ठेवून दिला.

जूनचं ऊन होतं. हिवाळाभर उपाशी राहिलेलं इथलं ऊन जूनमध्ये समोर येईल ते खात सुटतं.

"वेड लागलंय का तुला?" बिर्गर कुजबुजला. तो तिच्याच प्रयोगशाळेतला, शेजारच्या टेबलावरचा. "झाक ते आधी."

"सरांना सगळ्यांना रंग दाखवायचाय ना? मग दिसू दे की."

घड्याळात दहा वाजले. कुणी हललं नाही. विद्यापीठात दहाचं व्याख्यान म्हणजे सव्वादहा, आणि मधली पंधरा मिनिटं कुणाच्याच मालकीची नसतात. पण प्रोफेसर एकेलुंड ती स्वतःची समजत. आत्ताही ते शेजारच्या खोलीत स्टॉकहोमहून आलेल्या पाहुण्यांना दालचिनीचे पाव खिलवत बसले होते. पाहुणे खूश झाले, तर प्रकाशाने रेणू कसे तुटतात याचा अभ्यास करायला नवी इमारत उभी राहणार होती. दारावर एकेलुंड यांचं नाव.

चंबूतलं निळं रसायन मात्र गुनवोरचं होतं. तिने ते हिवाळाभर अंधारात, चाचपडत केलं होतं. त्याच्या रेणूतला एक बंध इतका नाजूक, की उजेडाने नुसतं बोट लावलं तरी तुटावा. तुटला की रंग गेला. जानेवारीत सर एकदाच आत आले आणि फोटोवाल्यांकडे असतो तसा लाल दिवा टांगून गेले. लाल उजेड निरुपद्रवी, म्हणाले. निळी वस्तू लाल उजेडच आधी शोषून खाते हे सांगायला तिने तोंड उघडलं, तर सरांनी हात वर केला. संध्याकाळपर्यंत सगळा माल पाण्यासारखा झाला. सरांनी विभागात सांगितलं, पोरीचा हात जड आहे. तिने पहिल्यापासून पुन्हा केलं. मग मे महिन्यात शोधनिबंध छापून आला. तिने आपलं नाव वरून खाली शोधत नेलं. ते शेवटच्या ओळीत सापडलं. काचसामान स्वच्छ ठेवल्याबद्दल आभार.

चंबूतली शाई आता आभाळ झाली होती. थोड्या वेळाने आभाळाचाही धुतलेला सदरा झाला.

बिर्गरचा हात पुढे गेला. गुनवोरने त्याचं मनगट धरलं.

"तुझाच हिवाळा आहे तो," तो म्हणाला.

"माझाच आहे. म्हणून तर."

ती चंबूवरून नजर काढत नव्हती. आत एकेक बंध तुटत होता. काचेला कान लावला तर ऐकू येईल, असं तिला वाटलं. तिने कान लावला नाही. नुसतं बघत राहिली, आणि मनात म्हणत राहिली, तूट. तूट बाई. सरांच्या हातात जाण्याआधी तूट.

सव्वादहाला दार उघडलं. सर आले, पाहुणे आले, खुर्च्या सरकल्या. टोपीत पीस खोचलेल्या एक बाई पुढच्या रांगेत मधोमध बसल्या. इमारतीचं त्यांच्याच हाती होतं. सर छान बोलले. बोलायला ते होतेच छान. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले की आता आपण माझ्या निळ्या लेकराला भेटू. आणि मागे न बघताच हात पसरला, नेहमीसारखा.

गुनवोरने चंबू त्या हातात ठेवला.

सरांनी हात लांब करून चंबू उंच धरला. सगळ्यांनी माना वर केल्या. आत स्वच्छ पाणी असावं, तसं.

मग पिसाच्या टोपीवाल्या बाईंनी, हाच प्रयोग समजून, टाळी वाजवली, आणि खोलीभर टाळ्या पसरल्या. सरांचा चेहरा पडता पडता सावरला. ते किंचित वाकले. म्हणाले, पाहिलंत, प्रकाशाने काय केलं ते.

"मेलो," बिर्गर म्हणाला. "हेही त्यांच्याच खात्यात."

गुनवोर बाईंकडे बघत होती. बाईंचं अजून संपलेलं नव्हतं. त्यांना आता आधीचा रंग बघायचा होता, निळा, म्हणजे शेजारी शेजारी ठेवून फरक कळला असता.

"पोरी, दुसरा आण," सर मागे न बघता म्हणाले.

गुनवोर उभी राहिली.

"दुसरा नाहीये, सर."

"कपाटात बघ."

"कपाटातलाही हाच होता. होता तेवढा एवढाच." तिचा आवाज तिलाच वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला, आणि तिने तो तसाच राहू दिला. "पण काम तर सरांचं आहे ना. सर करून दाखवतील की दुसरा. मी लाल दिवा लावून देते."

मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं. बाई सरांकडे वळल्या आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "किती वेळ लागेल, प्रोफेसर? आम्ही थांबतो."

सरांनी हात खाली घेतला नाही. घ्यायचं सुचलं नसावं. त्या गोल, स्वच्छ चंबूत त्यांचा चेहरा उमटला होता, इवलासा, हनुवटी वर आणि टक्कल खाली, आणि तो साऱ्या खोलीला दिसत होता.

निळ्यातून हे कधी दिसलं नसतं.