लोकरीचा पुंजका

सुकन्याची तान्ही पोर, नाव नकोशी, अपुऱ्या दिवसांची. झोपेत श्वास घ्यायचंच विसरायची. भिगवणच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नजर ठेवा. म्हणून सुकन्यानं झोळीच्या दोरीला मेंढीच्या लोकरीचा पुंजका बांधून तिच्या नाकापुढं सोडला. श्वासागणिक तो हलायचा.

"पोरीच्या जातीला केवढी ही राखण!" सासू जयवंताबाई फिस्कारल्या. "येडे, लोकर वाऱ्यानंबी हलती."

त्यांनी नकोशीला उचलून आपल्या मांडीवर टाकलं. रिकाम्या झोळीत पुंजका हलतच राहिला.

"बघ! वाराच हाय."

सुकन्यानं दार लावलं, खिडकी लावली. पुंजका हलतच होता, तान्ह्या श्वासाच्या संथ लयीत.

मग थांबला.

"आत्याबाई, पोरीकडं बघा की!"

जयवंताबाईंची मान खाली वळेना.